नळापाशी नेलेली पेटी

आत्यांना मधमाश्यांची भीती वाटते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आत्या मात्र ते कबूल करतील तर शपथ. "भीती कसली डोंबलाची? मला फक्त त्यांचा स्वभाव पटत नाही," असं म्हणत त्या परसातल्या अंजिराच्या कोपऱ्याला चांगला लांबून वळसा घालत.

दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभं आयुष्य गेलेली बाई. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाच वाचून दाखवायची, आणि रांगेत कोणी पुढे घुसलं की चष्म्यावरून नुसतं बघायची. माणूस आपला आपण मागे जायचा. घरातला भाचा आत्या म्हणायचा म्हणून गल्ली आत्या म्हणू लागली, आणि गल्लीचं ऐकून दवाखानाही. निवृत्त झाल्यावर ती सगळी शिस्त त्यांनी परसात आणून ओतली. बिया औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत. काकडीच्या बियांवर 'रोज सकाळी', मुळ्याच्या बियांवर 'जेवणानंतर' अशा जुन्या चिठ्ठ्या तशाच होत्या, कारण चांगली चिकटलेली चिठ्ठी खरवडून काढणं आत्यांच्या जिवावर यायचं. दवाखान्याने मोडीत काढलेली औषधांची ढकलगाडी आता खत वाहत होती. टोमॅटोच्या काठ्या तर अशा ओळीत उभ्या, की त्यांना कोणी 'विश्राम' म्हणायचीच खोटी.

वहिनी म्हणजे आत्यांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली. तेव्हा भाचा पाटी-दप्तर सांभाळायच्या वयाचा होता, आता त्याचं स्वतःचं टक्कल सांभाळायचं वय झालं. तेव्हापासून घरात या दोघीच मोठ्या. वहिनी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करत. मोठ्या मायेची आणि कमी बोलण्याची बाई. तोंडात बहुतेक वेळ टाचण्या असत, त्यामुळेही असेल. एका वर्षी अंजिराच्या फांदीला मधमाश्यांचा घोळका येऊन लटकला, तेव्हा आत्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि वहिनींनी एका जाणत्या माणसाकडून पेटी आणवली. जाळीच्या पडद्याचा बुरखा शिवला, धूर करायला जुनी किटली घेतली, आणि जन्मभर हेच करत आल्यासारख्या त्या माश्यांमध्ये वावरू लागल्या.

तेव्हापासून परसाची वाटणी झाली. जमिनीतलं सगळं आत्यांचं, हवेतलं सगळं वहिनींचं.

आणि खरं सांगायचं तर जमिनीतलं जे पिकत होतं ते हवेतल्यांच्या जिवावर. पेटी येण्यापूर्वी आत्या पहाटे रंगाचा कुंचला घेऊन भोपळ्याच्या वेलीत शिरत, नर फुलातला पराग मादी फुलाला लावत, आणि तरी दोन-चार भोपळे धरले तर नशीब. पेटी आल्यावर कुंचला कपाटात गेला. भोपळे धरले, डाळिंबं धरली, लिंबाने फांद्या वाकवल्या. शेजाऱ्यांनी विचारलं की आत्या म्हणत, "खत. सगळी खताची कमाल." वहिनी टाचण्यांमागून हसत.

तर असं सगळं छान चाललेलं असताना भाच्याचा फोन आला. लिफ्टच्या कंपनीत मोठा इंजिनिअर होता तो, लांबच्या शहरात, अकराव्या मजल्यावर राहायचा. घरात त्याला अजून छोटूच म्हणत.

"आई, आता पुरे झालं शिवणकाम," तो म्हणाला. "तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. रविवारी गाडी घेऊन येतो. तू फक्त हो म्हण."

वहिनींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. मग म्हणाल्या, "अरे, पण पेटीचं काय करू? वन्सं तर तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. मी गेले तर बघणार कोण तिच्याकडे?"

आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि दाणे टोपलीत नि टरफलं वाटीत पडू लागली. एक वाईट वाटलं ते वहिनी जाणार म्हणून, आणि लगेच दुसरं वाटलं ते याचं, की बिचारीचं जाणं आपल्या भित्रेपणापायी अडतंय.

आत्यांनी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या मनात पक्कं होतं की आपण या घरात वहिनींच्या मेहेरबानीवर राहिलो. घर वडिलांनी बांधलं, त्यांच्यामागे भावाचं झालं, भावामागे त्याच्या बायकोचं. बिनलग्नाच्या नणंदेला 'तुमचं तुम्ही बघा' म्हणायला वहिनींना कोणी अडवलं नसतं. दुसरी असती तर म्हणालीही असती. वहिनींनी मात्र भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, विचारलं होतं, "वन्सं, डबा किती वाजता हवा?" तो डबा पुढे निवृत्त होईपर्यंत चुकला नाही. त्याबद्दल आत्यांनी एका शब्दाने आभार मानले नव्हते. रोजच्या डब्याचे आभार कसे मानायचे हे त्यांना कधी सुचलंच नाही. आणि आता जिचे एवढे उपकार, तिच्या सुखाच्या आड आपण यायचं?

मटार सोलून होईपर्यंत आत्यांचा निश्चय झाला होता. पेटीचीच अडचण आहे ना? मग पेटी आपण सांभाळून दाखवायची. हाय काय अन् नाय काय.

दुसऱ्या दिवशी वहिनी एका नवरीचं झंपर बसतंय का ते बघायला गेल्या होत्या. अंधारायला आलं तशी आत्यांनी कंबर कसली. वहिनींचा बुरखा घातला, त्यावर स्वतःचा रेनकोट, हातात भांडी घासायचे रबरी मोजे. वहिनी पेटी साफ करताना काय करतात ते त्यांनी खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं: माश्या घरी आल्या की पेटीच्या तोंडाशी गवताचा बोळा. तो त्यांनी हात होईल तेवढा लांब करून, तोंड फिरवून कोंबला. आतून गुरगुर झाली. पण आत्या हटल्या नाहीत. पेटी विटांवरून उचलून ढकलगाडीवर घेतली आणि खडखडत परसाच्या या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, नळापाशी आणली. तिथे स्टुलावर ठेवली. आता भांडी घासता घासता माश्यांवर नजर ठेवता येणार होती. पाणीही जवळ. औषधांच्या कपाटात रोजचं औषध हाताशी ठेवावं, तसा सगळा विचार केलेला. बोळा काढून त्या घरात धूम पळाल्या आणि दार लावून धपापत बसल्या. आयुष्यात एवढा अभिमान त्यांना स्वतःचा वाटला नव्हता.

सकाळी त्यांनी वहिनींना हाताला धरून दाराशी नेलं. "बघ! मी एकटीने आणली. आता तू खुशाल जा. मी बघते सगळं."

वहिनींनी पेटीकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं.

"छान केलंत," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने कपाटावरून बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

आत्यांना वाटलं होतं की वहिनी चकित होईल, हसेल, निदान चष्मा काढून पुसेल. नुसतं छान! म्हणजे बाईचा जीव आधीच अकराव्या मजल्यावर पोचलाय तर. 'बरंच झालं,' आत्या मनाशी म्हणाल्या, आणि वांग्याच्या वाफ्यातलं तण असं उपटू लागल्या की दोन रोपंही मुळासकट आली.

पेटीचं काय चुकलंय ते वहिनींसारख्या जाणत्या बाईच्या खरं तर तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या खोलीत बसून एकच शाल पुन्हा पुन्हा घडी करत होत्या.

दुपारनंतर आभाळ भरून आलं, गार वारा सुटला. आत्या लिंबं काढायला परसाच्या टोकाला गेल्या आणि जागीच थबकल्या. अंजिराखाली, जिथे काल पेटी होती तिथे, रिकाम्या विटांवर माश्या घिरट्या घालत होत्या. दहा-वीस नव्हे, ढगच्या ढग. पायांना पिवळा पराग माखलेला. यायच्या, पेटीचं तोंड जिथे असायचं तिथल्या हवेत शोधायच्या, पुन्हा गोल फिरायच्या. दमलेल्या विटांवर उतरून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. काही गारठून खाली गवतात पडल्या होत्या. पेटी नळापाशी होती, परसाच्या या टोकावरून त्या टोकाला, नजरेच्या टप्प्यात. एकीलाही ती सापडत नव्हती.

"वहिनी!" आत्या ओरडल्या. औषधांच्या खिडकीमागूनही त्या कधी असा आवाज काढत नसत. "वहिनी, धाव! तुझ्या माश्या!"

वहिनी हातात शाल घेऊनच धावत आल्या. बघताक्षणी त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! माझ्या कसं लक्षात आलं नाही? वन्सं, त्यांना पेटी कळत नाही, जागा कळते. पेटी हलवायची तर रोज हातभर सरकवायची, नाहीतर गावाबाहेर न्यायची. घरातल्या घरात अशी उचलून नेली की त्या जुन्याच जागी येतात आणि तिथेच बसून राहतात."

"मग आता मरतील?" आत्यांचा आवाज फुटला. "मी मारल्या?"

"रात्रभर राहिल्या तर मरतील. चला, अंधारायच्या आत आणू."

या वेळी ढकलगाडी नको म्हणाल्या वहिनी, हिसके बसतात. दोघींनी पेटी दोन बाजूंनी धरली. आत्यांच्या अंगावर ना बुरखा, ना रेनकोट; आठवणच झाली नाही. काकड्यांच्या ओळीतून, टोमॅटोच्या काठ्या आडव्या पाडत, त्या पेटी घेऊन आल्या आणि विटांवरच्या माश्या वहिनींनी पिसाने हलकेच बाजूला सारल्यावर ती जागच्या जागी ठेवली. एकीने आत्यांच्या बोटाला कडकडून डंख मारला. आत्या "आई गं" म्हणाल्या, पण पेटी सोडली नाही.

क्षणभर काहीच झालं नाही. मग एक माशी पेटीच्या तोंडाशी उतरली, आत शिरली. तिच्यामागे दुसरी. मग विटांवरचा तो सगळा गारठलेला गोळा हळूहळू चालू लागला आणि तोंडातून आत जाऊ लागला. वहिनींनी गवतातल्या पडलेल्या माश्या शालीवर घेऊन दाराशी आणून सोडल्या.

दोघी तिथेच मातीत बसल्या. वहिनींनी आत्यांचं बोट हातात घेऊन नखाने काटा खरवडून काढला.

"का हलवलीत हो?" त्यांनी विचारलं.

"तू सुखाने जावीस म्हणून. पेटीपायी तुझं अडत होतं ना?"

वहिनींना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अहो वन्सं, मला जायचं नव्हतं म्हणून मी पेटी पुढे केली. तेवढं एकच निमित्त होतं माझ्याकडे. तुम्ही ते उचलून नळापाशी नेऊन ठेवलंत!"

आत्या चष्मा काढून पदराला पुसू लागल्या.

"सकाळी वाटलं, तुम्हालाच मी नकोशी झालेय," वहिनी म्हणाल्या. "आणि तसं तुम्ही म्हणालाही असतात तर काय चुकलं असतं? तुमच्या वडिलांचं घर. मी परक्या घरची. हे गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता मला पोर घेऊन माहेरी पाठवणार. त्या सकाळी भीतभीतच विचारलं मी, डबा किती वाजता हवा म्हणून. तुम्ही 'आठ' म्हणालात, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तुमच्या पगारावर माझं पोर शिकलं वन्सं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही."

"अगं वेडे," आत्या म्हणाल्या, "मी तर समजत होते की तू मला ठेवून घेतलंस."

मग मात्र त्यांना आवरेना. सगळ्या डॉक्टरांना धाकात ठेवणारी बाई, वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. "तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर," त्या म्हणाल्या. "प्रत्येक डब्याचे." वहिनी काही बोलल्या नाहीत. तोंडात टाचण्या नसतानाही.

घरात आल्याबरोबर आत्यांनीच फोन लावला. बोट एव्हाना टम्म सुजलं होतं.

"छोटू? तुझी आई येत नाहीये. येईल चार दिवस पाहुणी म्हणून, मीही येईन. पण राहायला नाही."

"का? पेटीसाठी का? आत्या, पेटीचं काहीतरी करू की आपण."

आत्यांनी एकदा वहिनींकडे बघितलं, मोठा श्वास घेतला, आणि आयुष्यभर दाबून ठेवलेली गोष्ट बोलून टाकली.

"हे बघ, मला मधमाश्यांची भीती वाटते. हो, मलाच. भयंकर. मला एकटीला काहीही जमणार नाही. ना माश्यांचं, ना या घराचं. कळलं?"

तिकडे भाचा हसला, पण त्याचाही आवाज जरा ओला वाटला. "कळलं, आत्या. मग रविवारी गाडी आणू की नको?"

"आण की. रिकामी आण. भोपळे न्यायचेत तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शालीवरचा पराग झटकत दाराशी उभ्या होत्या. बघतात तर आत्या चहाचा कप घेऊन अंजिराखाली स्टुलावर बसलेल्या, पेटीच्या पुढ्यातच. माश्या नेहमीसारख्या ये-जा करत होत्या.

"उपकार झाले गं बायांनो," आत्या त्यांना म्हणाल्या. तेवढ्यात एक माशी कपाशी वळली, तशी त्यांनी स्टूल हातभर मागे सरकवलं आणि पुन्हा बसल्या.