बाबांचा डावा कान

बाबांच्या डाव्या बाजूला हिवाळ्यातल्या दुपारची शांतता असे. तोफखान्यात असताना, ऐन तारुण्यात वाट्याला आलेल्या युद्धाने त्यांचा तो कान नेला आणि बाकीचा माणूस धडधाकट घरी पाठवला, हे आई अजूनही देवाचे आभार मानल्यासारखं सांगते. पुढे भोपाळच्या कारखान्यातली नोकरी, अयोध्या नगरातलं घर, दादा आणि मी. या साऱ्या संसाराचा गलबला त्यांनी एकट्या उजव्या कानावर पेलला. जेवताना आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडे दाटीवाटीने बसत असू, आणि डावीकडच्या मोकळ्या जागेत खिडकीतलं ऊन ऐसपैस पसरत असे.

युद्धाचं ते बोलत नसत. शेजारचे वर्माजी गळ घालायचे, “फौजी साहब, कभी तो कुछ सुनाइए!” त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर असे, “अरे साहब, इतना सुना कि एक कान ही चला गया.” दोघं खदखदा हसत आणि विषय मटारच्या भावावर जाई.

त्या बहिऱ्या कानावर आम्हा भावंडांनी मात्र लहानपणीच कब्जा केला होता. घरात कुणालाच सांगता येत नसे, ते आम्ही तिथे सांगत असू. गच्चीतल्या कोवळ्या उन्हात बाबा डोळे मिटून मटार सोलत बसलेले असत. हळूच डावीकडून जायचं, कानाशी ओठ न्यायचे आणि फुटलेली काच, गणितातला भोपळा, सगळं कुजबुजून टाकायचं. शेंगेवरची त्यांची बोटं तेवढी मंदावत. आम्ही हलके होऊन पतंगांकडे धावत असू.

मिसरोदच्या सासरहून चार दिवसांसाठी म्हणून मी माहेरी आले ती परत न जाण्याचं मनाशी ठरवून, तेव्हाही मी तोच कान गाठला. “बाबा, मला तिथे राहणं होत नाही हो. मला इथे ठेवून घ्याल?” रोज दुपारी तेच विचारत होते. उजवीकडे जायची छाती होत नव्हती. लेक सुखात आहे, या समाधानावर त्यांचं म्हातारपण टेकलेलं होतं आणि तो टेकू माझ्या हातून काढवत नव्हता.

अशात दादाने त्यांना एम. पी. नगरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मीही होते. यंत्र लावलं तर डाव्या कानाला बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. दादाचा चेहरा उजळला, मी मात्र बाबांची नजर टाळली. बाबांनी यंत्र तळहातावर घेऊन निरखलं आणि परत ठेवलं.

“रहने दीजिए, डॉक्टर साहब,” ते म्हणाले. “ये कान बच्चों का है.”

डॉक्टर हसले. दादाने मान खाली घातली. त्याचंही काही तिथे सांगून ठेवलेलं असणार.

घरी आल्यावर गच्चीत बाबांनी स्वतः स्टूल ओढलं, आपल्या उजव्या हाताला. “ये, बैस. वीणे, इतके दिवस तिकडे काय सांगतेस ते मला ऐकू येत नाही गं. पण तुझा श्वास लागतो कानाला. तो रडवेला असतो. आता इकडून सांग.”

मी सांगितलं. मध्ये एकदाही न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाले, “एवढंच ना? सामान आणायला मी येतो तुझ्याबरोबर.” इतक्या वर्षांनी मला पोटभर श्वास घेता आला.

या चैत्रात बाबा गेले, शांतपणे, झोपेत. मी रडले, पण त्या रडण्याला तळमळ नव्हती. माणूस गेल्यावर काळ जड होतो तो आपल्याजवळ उरलेल्या, न बोललेल्या वाक्यांनी. माझ्याजवळ तसं एकही उरलं नव्हतं.