उंटिणीचा दात आणि सतराचा पाढा

आमच्या टेकडीवरच्या गल्लीत त्या सकाळी माणसांपेक्षा बादल्या जास्त होत्या. रांगेच्या टोकाला शेख मिजवाल गादीवर बसला होता आणि त्याच्या हातात उंटिणीचा दात होता. चांगला मुठीएवढा, पांढरा, आरपार दिसणारा. ही उंटीण म्हणे वाळवंटात नुसत्या वासावरून पाणी शोधायची आणि मरताना आपली अक्कलदाढ शेखच्या आजोबांना देऊन गेली.

अम्मानच्या आमच्या भागात पाण्याची मुख्य वाहिनी फुटून तीत गटार शिरलं होतं. नळाला येत होता तो गढूळ काढा. उकळल्याशिवाय थेंबही पिऊ नका, असं रेडिओ दिवसभर ओरडत होता. पण रेडिओला कोण विचारतो! शेख बादलीत दात गरागरा फिरवायचा, काहीतरी पुटपुटायचा, बादलीवर आपला झगा टाकायचा आणि लोकांनी आणलेली कुनाफ्याची मिठाई खात बसायचा. परात रिकामी झाली की झगा बाजूला. पाणी नितळ! बायका डोळे पुसायच्या. दात मात्र रोज बारीक होत होता. "तुमची पापं सोसून झिजतोय बिचारा," शेख म्हणायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मूर्खपणा दिसला की माझं डोकं फिरतं. तरी एखादे वेळी गप्प बसले असते. पण माझी धाकटी बहीण नायफा त्याच पाण्यात तान्ह्या तैमची दुधाची पावडर कालवत होती, तेही न उकळता. आगीनं बरकत जळते, असं शेखनं बजावलं होतं. तैमला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते आणि आता पोराला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नायफा म्हणे, आतली घाण बाहेर पडतेय, शेखनं सांगितलंय.

मी तिच्या घरात जाऊन बादली भरून आणली. येताना तिच्याच धुपाच्या डब्यातली तुरटी घेतली. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे घरोघरी तुरटी जाळतात. पण तीच पाण्यात पडली की कुणी ओळखत नाही. तुरटी ठेचून बादलीत ढवळली, शेखच्या शेजारी फतकल मारली, मोठ्यानं सतराचा पाढा म्हटला आणि वर माझी शाल टाकली. सगळ्यांचा चहा झाल्यावर शाल काढली. पाणी शेखच्या पाण्याइतकंच नितळ.

गल्ली थक्क. मला वाटलं, आता डोक्यात उजेड पडेल. कसलं काय! शेजारची म्हातारी उम्म सुहैल पुढे आली, माझा हात डोळ्यांना लावला आणि हळूच म्हणाली, "बाई, गुडघेदुखीला कितीचा पाढा?"

बघता बघता शेखची निम्मी रांग माझ्याकडे वळली. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ही तुरटी आहे. त्याचा दातही तुरटीच. तिनं गाळ खाली बसतो, बाकी काही नाही. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ते पाण्यात तसेच राहतात."

कुणाला पटेना. मग मी पेला भरून शेखपुढे धरला. "घ्या. या बादलीत मी मघाशी तैमचं घाण झालेलं दुपटं खळबळलंय. आता नितळ दिसतंय ना? हवा तर दात फिरवा, आणि प्या."

शेख म्हणाला, आपला उपवास आहे. दाढीवरून कुनाफ्याचा पाक ओघळत होता.

आधी उम्म सुहैल हसली, मग गल्ली हसली. तैमला घेऊन रांगेत उभी असलेली नायफा हसली नाही. ती पेल्याकडे बघत होती.

"ताई, मी त्याला हेच पाजलं?"

"हो."

तिनं हातातली दुधाची बाटली गटारात ओतली, पोराला छातीशी धरलं आणि उतारावरून अनवाणी दवाखान्याकडे पळत सुटली.

तैम वाचला तो सलाइनमुळे. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. म्हणून हात जोडून सांगते: पाणी डोळ्यांनी पारखू नका. खळखळून उकळा, झाकून ठेवा, मगच प्या. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर तो खरा की खोटा हे आधी तपासा. ते ठरवायला घरातलं लेकरू पणाला लावू नका.