रातोमिरने घातलेली मोबा

मी सरळ सांगते, मला अजून राग आहे, आणि तो जाऊ द्यायचा माझा विचारही नाही. रातोमिरला मी तो शेंबडा होता तेव्हापासून ओळखते. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं काढली. हा पोरगा माझ्या हातचं घेवड्याचं कालवण तीन-तीनदा मागून खायचा. आता गावाबाहेर त्याचं कोल्ड स्टोरेज आहे. अख्ख्या खोऱ्यातली रासबेरी तिथे गोठते आणि परदेशी जाते. जून अर्धा झाला की त्याचे ट्रक शाळेसमोरच्या रस्त्याने सुसाट सुटतात. आणि पोरं खेळायची कुठे, तर त्याच रस्त्यावर. आमचं गाव डोंगराला लटकलेलं, सपाट जागा म्हणजे हा रस्ता, देवळाचं अंगण आणि शाळेलगतचा काटेरी झुडपांचा माळ.

मागच्या जूनमध्ये माझी नात नेदा त्याच्या ट्रकखाली जाता जाता वाचली. सायकलचा चुराडा झाला, पोरीचा हात दोन ठिकाणी मोडला. तिची आई, म्हणजे माझी लेक, व्हिएन्नात म्हाताऱ्यांची सेवा करते. पोर माझ्या भरवशावर सोडून गेलीय. मी फोनवर तिला सांगितलं की झाडावरून पडली. खरं सांगायची छाती झाली नाही. तेव्हापासून मला एकच ध्यास होता, ही पोर रस्त्यावरून हटली पाहिजे.

रातोमिर इस्पितळात चॉकलेटचा डबा घेऊन आला होता. काहीतरी करतो म्हणाला. मार्चमध्ये त्याने आणि मुख्याध्यापिका स्लावेन्काबाईंनी गावाला शाळेत बोलावलं. शाळेलगतच्या माळावर खेळायचं मैदान करू म्हणाला: जागा शाळेची, लाकूड, लोखंड, वाळू त्याच्या कंपनीची, आणि मैदान साऱ्या गावाच्या पोरांचं. मग तो हात जोडून म्हणाला, "कामासाठी मोबा घालू या."

झालं. तिथेच आम्ही फसलो. मोबा म्हणजे इर्जिकच. एकाने हाक मारायची, सगळ्यांनी अवजारं घेऊन जायचं, काम करायचं, त्याच्या घरचं जेवायचं. पैसा घ्यायचा नाही. पण हाक मारणारा बांधला जातो. उद्या त्यातल्या कुणी त्याला हाक मारली, तर तापाने फणफणत असला तरी जायचं. गेली पंधरा वर्षं गावात कुणी मोबा घातली नव्हती, जो तो मजूर लावतो. त्यामुळे तो शब्द ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले, माझेसुद्धा. कागद काय आहे, सही कुणाची, कुणी विचारलं नाही. मोबेत कागद मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बिल मागणं. असली चूक आमच्याच गावाने करावी.

तीन शनिवार आम्ही राबलो. झुडपं उपटली, दगड काढले. वेल्डर तिहोमिरने झोपाळे उभे केले. त्याच्या बापाने स्वतःच्या शवपेटीसाठी जपून ठेवलेल्या अक्रोडाच्या फळ्या घसरगुंडीच्या पायऱ्यांना दिल्या. मरायला अजून वेळ आहे म्हणाला. मी या गुडघ्यांनी वाळू चाळत होते. रातोमिर पांढरे बूट घालून आला, फोटोपुरतं एक फावडं मारलं आणि गेला. जेवण म्हणून दुकानातले प्लॅस्टिकमधले पाव पाठवले. मोबेला घरचं जेवण नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मनात पाल चुकचुकली, पण पोरांसाठी म्हणून गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

मेमध्ये फीत कापली. फाटकावर पाटी होती, 'कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने उभारलेले क्रीडांगण'. कर्मचारी एकही फिरकला नव्हता. मी तेही गिळलं. नाव तुमचं लावा म्हटलं, पोरांना खेळू द्या. आणि सोमवारी दोन वाजता कंपनीचा वॉचमन आला, पोरांना बाहेर काढलं, फाटकाला कुलूप घातलं. भोवती कंपनीने लावलेलं दोन पुरुष उंचीचं हिरव्या जाळीचं कुंपण. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

मी स्लावेन्काबाईंकडे गेले. त्यांनी करार काढून दाखवला. वापर फक्त शाळेच्या वेळेत, आठ ते दोन. सुट्टीत बंद. चावी कंपनीकडे. शाळेला सुट्टी लागते जूनच्या मध्यावर, आणि त्याच आठवड्यात रासबेरीचे ट्रक सुरू होतात. म्हणजे ज्या दिवसांसाठी मैदान मागितलं, नेमकं त्याच दिवसांत त्याला कुलूप. बाई म्हणाल्या, "विदोसावा, तुम्ही लोकांनी तेव्हा काही लिहून का नाही घेतलं?" सही यांनी केली आणि लिहून आम्ही घ्यायचं. मी दार आपटून निघाले.

सुट्टी लागली. दुसऱ्याच दिवशी नेदा मला रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली दिसली, खडूने घर काढत. मी तिला घरात कोंडलं आणि तशीच कोल्ड स्टोरेजवर गेले.

रातोमिरने खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी उभीच राहिले. विमा आहे, जबाबदारी आहे, बाहेरची पोरं मोडतोड करतील, असं बरंच बोलला. मी म्हटलं, "रातोमिर, तू मोबा घातली होतीस."

तो हसला. "अगं विदामावशी, तो नुसता एक शब्द होता. लोकांना बरा वाटतो म्हणून वापरला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोटं बोलला असता तर मी भांडले असते. पण त्याने खरं सांगितलं, आणि हसत सांगितलं. चुलीत जा म्हटलं आणि घरी आले.

घरी येऊन नवऱ्याची लाकडी बुधली काढली, तिच्यात राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू भरली, बुधलीला झेंडूची माळ घातली आणि निघाले. आमच्यात बोलावणं असंच जातं. ज्याने बुधलीचा घोट घेतला तो बांधला गेला. दारोदार फिरले. शनिवारी माझी मोबा आहे, कुंपण काढायचंय, एवढंच म्हणायचे. तिहोमिरने दोन घोट घेतले. दोघातिघांनी दार उघडलं नाही. त्यांची पोरं कंपनीत कामाला आहेत, मी समजू शकते, पण माफ करत नाही.

शेवटी रातोमिरच्या दारात गेले. त्याने मला हाक मारली होती, आता माझी हाक त्याला जायलाच हवी होती. तो घरात नव्हता. दार उघडलं त्याच्या आईने, रोसांदाने. वय चौऱ्याऐंशी, कमरेतून वाकलेली. मी कशासाठी आलेय ते काही न लपवता सांगितलं. तिने बुधली दोन्ही हातांनी धरली, घोट घेतला आणि दार लावलं.

शनिवारी चाळीसेक माणसं जमली. घेवड्याचं भलंमोठं पातेलं मी पहाटेच चढवलं होतं. तिहोमिर कटर घेऊन खांबांना भिडला. थोड्या वेळाने रोसांदा काठी टेकत आली. हातात द्राक्षवेली छाटायची कात्री. लोकांनी वाट दिली. ती जाळीपाशी गेली आणि एकेक तार कापायला लागली. दर तारेमागे तिला दम खावा लागत होता.

रातोमिरची गाडी धूळ उडवत आली. पोलिसांना बोलावतो म्हणाला, आणि मग त्याला आई दिसली. "आई, तू घरी जा. हे तुझं काम नाही."

रोसांदाने मान वर केली नाही. "तुझ्या हाकेला ही माणसं आली. त्यांची हाक तुझ्या घरी आली तेव्हा तू नव्हतास. मग कोण येणार? बाजूला हो, मला दिसत नाहीये."

तो बाजूला झाला. काम करायला नाही, नुसता बाजूला. गाडीत बसून तासभर बघत राहिला आणि निघून गेला. स्लावेन्काबाईंनी शाळेची खिडकी ओढून घेतली. अकरापर्यंत फाटक गवतात आडवं पडलं होतं आणि कुंपणाचा मागमूस नव्हता.

पोरं आत उसळली. नेदाने झोपाळा पकडला तो सोडेचना. मी लोकांना वाढत होते, मध्येच तिच्याकडे बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला होता.

मग घाटातून दोनची बस हॉर्न देत आली. मी रोसांदाच्या ताटात वाढून मागे वळले, तर झोपाळा रिकामा हलत होता. नेदा आपणहून उतरली होती. जिथे फाटक होतं तिथून ती बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "आजी, दोन वाजले," ती ओरडून म्हणाली. बसच्या मागून रातोमिरचा ट्रक येत होता.

मी हातातला वाढायचा डाव टाकून धावले. दंडाला धरून तिला आत खेचलं, इतकं जोरात की दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले. ट्रक निघून गेला. मी काय चुकले, मी काय चुकले, म्हणून पोर हुंदके देत होती. आणि तिचं खरंच काही चुकलं नव्हतं. दोन वाजले की मैदानाबाहेर, हे शाळेने शिकवलं तेच तिने केलं होतं.