गणवेश सोडून बाकी सगळं

"हा आत घ्यायचाय. कमरेत सैल होतो," असं म्हणून थोरल्याने डाव्या हाताने आपला लष्करी कोट टेलरमास्तरांच्या टेबलावर टाकला.

मास्तरांचा पाय मशीनवर तसाच थांबला. लढाई संपल्यापासून हा सख्खा भाऊ दुकानासमोरून मान वळवून जायचा. आज आपणहून पायरी चढून आला, तोही नेमका हे घेऊन! त्याच्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून रिकामी होती.

दोघांना लढाईवर जायचं बोलावणं एकाच दिवशी आलं होतं. थोरला गेला आणि उजवा हात तिकडेच ठेवून परतला. धाकट्याने, म्हणजे मास्तरांनी, बंदूक हातात घ्यायला साफ नकार दिला. चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "उद्या शत्रू तुझ्या बायकोच्या अंगावर धावून आला तर काय करशील?" मास्तर भाबडेपणाने म्हणाले, "साहेब, माझं लग्न व्हायचंय अजून." बाकीचे अधिकारी खुदकन हसले आणि हसतहसतच त्यांनी मास्तरांना तुरुंगात धाडलं. सुटून आल्यावर निम्म्या गल्लीने त्यांच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. 'भेकड' हे नाव काही वर्षं चिकटलं, पण लोकांच्या पँटी काही उसवायच्या थांबल्या नाहीत, त्यामुळे दुकान चाललं. गणवेशाला सुई लावायची नाही, हा हेका मात्र मास्तरांनी सोडला नाही. बँडवाल्यांचे झालरीचे कोटसुद्धा त्यांनी परत पाठवले होते आणि त्यावरून आठवडाभर बायकोची बोलणी खाल्ली होती.

"बस ना, दादा."

"बसायला नाही आलोय. रविवारी स्मारकापाशी आम्हा जुन्या लोकांना बोलावलंय. जमेल की नाही तेवढं सांग."

मास्तर कोटाकडे बघत राहिले. किती साधं काम! दोन शिवणी उसवायच्या, दोन घालायच्या, आणि भाऊ परत मिळणार. या दिवसाची त्यांनी किती वाट पाहिली होती. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"बाकी काहीही सांग, दादा," ते म्हणाले. "हे नाही जमायचं मला."

"अजून तेच?"

"अजून तेच."

थोरल्याचा चेहरा लाल झाला. "तेव्हाही घाबरलास आणि वर तत्त्वाच्या गप्पा मारल्यास."

"घाबरलो होतोच की. तू नव्हतास घाबरला? पण नकार दिला तो घाबरलो म्हणून नाही. मला कुणाला मारायचं नव्हतं. आजही नाहीये."

थोरल्याने कोट ओढून घेतला आणि तो वळला. वळताना त्याचा शर्ट मास्तरांच्या नजरेला पडला. बटणं एकेक घर चुकून लावलेली, खाली तर चक्क सेफ्टी पिना. वहिनी गेल्या हिवाळ्यात वारली होती.

"शर्ट काढ," ते म्हणाले.

"काय?"

"काढ म्हणतो ना! कोटाचं राहू दे बाजूला."

थोरला दारातच घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "रोज सकाळी नुसती झटापट होते रे. ती होती तोवर कधी कळलंच नाही."

पुरुषांचा शर्ट उजव्या हाताने बटणं लावायच्या हिशेबाने शिवलेला असतो. नुसता डावा हात असलेल्याचे त्यात हाल होतात. मास्तरांनी सगळी बटणं काढून डाव्या बाजूला लावली आणि उजव्या पट्टीवर नवी काजं करायला घेतली. थोरला बनियनवर बाकड्यावर बसून राहिला. मास्तरांची बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"एवढ्या वर्षांनी आलात भाऊजी, ते असे?"

"तुझ्या नवऱ्याला विचार," थोरला म्हणाला आणि स्वतःच हसला. मग शर्टाकडे बघून कुरकुरला, "अरे, पण हे बायकांसारखं दिसेल."

"दिसू दे. बायका काय वाईट दिसतात?" ती म्हणाली आणि तिने भाऊजींच्या हातात कप दिला.

काजं हातानेच करायची, त्यामुळे वेळ लागला. चहा दुसऱ्यांदा झाला. शर्ट अंगात घालून थोरल्याने खालून एकेक बटण लावत थेट गळ्यापर्यंत नेलं. मास्तर मदतीला पुढे झाले नाहीत. वरचं बटण लागल्यावर थोरल्याने ते पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं.

"बाकीचे शर्ट उद्या आणतो," तो म्हणाला.

"आण. आणि कोट समोरच्या टेलरकडे टाक."

"त्याची शिवण एका धुण्यात उसवते, असं तूच सांगत फिरतोस ना?"

"मग धुऊ नकोस. रविवारपुरती टिकेल." मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. "चल, मीही येतो. मी समोर उभा राहिलो तर तो जरा नीट शिवेल."

भर दुपारी दोघं भाऊ एकत्र बाहेर पडलेले पाहून शेजारच्या वाण्याचा तराजू हातातच राहिला. मास्तरांना इतकं बरं वाटत होतं, की त्यांनी त्याला उगाचच हात केला. रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. थोरल्याच्या डाव्या हातात कोट होता. मास्तर त्याच्या उजव्या बाजूला गेले, आणि धरायला हात नव्हता म्हणून त्यांनी त्याचा खांदा धरला.