एकेचाळिसावी पट्टी

“काका, एकेचाळिसावा सीन काढून टाकायचा?” दिग्दर्शिकेनं विचारलं. तिच्या हातात माझी पिवळी पट्टी होती आणि पट्टीच्या कडेला लाल पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात, ‘वगळावा’ असं लिहिलेलं होतं.

“काढ. एक दिवस वाचतो,” मी म्हणालो.

शूटिंग सुरू होण्याआधी सिनेमातल्या प्रत्येक सीनची एक कागदी पट्टी करायची, तिच्यावर ठिकाण, नट, सामान लिहायचं आणि पट्ट्या पुढेमागे सरकवून कोणत्या दिवशी काय करायचं ते ठरवायचं, हा माझा एकतीस वर्षांचा धंदा. त्यावरून नावच पट्टीकाका पडलं. माझी एक पद्धत होती. पट्टी कापण्याआधी अख्खी पटकथा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायची, तीनदा. ती मोजे रफू करत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, “थांबा. हा माणूस असं बोलणार नाही.” तिचं चुकलेलं मला आठवत नाही.

दिग्दर्शिका पूर्वी माझ्या हाताखाली होती. दोन वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत राहिली, आमच्यातच जेवली. हा तिचा पहिला सिनेमा. निर्माते म्हणत होते, हे काम एआय दहा मिनिटांत करतं, म्हातारा हवाय कशाला? ती त्यांच्याशी भांडली. “मशीन यादी करतं, काका वाचतात,” असं म्हणाली. हे मला निर्मात्यांनीच हसत हसत सांगितलं.

आणि मी काय केलं? डोळे हल्ली दगा देतात, दोन पानं झाली की अक्षरं पोहायला लागतात. हे कुणाला कळलं तर पुन्हा कोण बोलावणार, या भीतीनं पटकथा गुपचूप त्याच एआयच्या हवाली केली. त्यानं खरंच दहा मिनिटांत सगळं मांडून दिलं. ते मी अक्षर मोठं करून चार दिवस पट्ट्यांवर उतरवत बसलो. विचार केल्यासारखं दिसावं म्हणून दोन-तीन ठिकाणी मुद्दाम खाडाखोडही केली. एकेचाळीसपुढे त्यानं लिहिलं होतं, दोन वृद्ध, एक खोली, कथेला गरज नाही, वगळल्यास एक दिवस वाचेल. मी लाल पेन्सिल उचलली. आज सांगतानाही कान तापतात.

“काका, तुम्ही तर मशीनच्या तोंडात मारलीत!” शेजारी बसलेले निर्माते खूश होते.

दिग्दर्शिका मात्र पट्टीकडेच बघत होती. “तीनदा वाचलंत ना?”

“म्हणजे काय!”

“काकूंनी ऐकलं?”

“ऐकलं की.”

“एकेचाळीसला काहीच म्हणाल्या नाहीत?”

“नाही.”

तिचा चेहरा उतरला. एका सीनचं एवढं काय, मला कळेना. “ठीक आहे,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांनाच नको असेल तर काढते.” आणि पट्टी तिनं माझ्या हातात दिली.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ‘तुम्हा दोघांनाच’ हे डोक्यातून जाईना. पटकथा काढली, भिंग घेतलं. बायको लगेच सुई आणि मोजा घेऊन समोर येऊन बसली.

“आली का आठवण? मला वाटलं, या खेपेला मला रिटायर केलंत.”

मी एकेचाळीस वाचायला लागलो. एक म्हातारा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतोय. ती मोजे रफू करतेय. बाहेरच्या खोलीत, घर सोडून आलेली एक मुलगी अंथरुणात पडून ऐकतेय. बायको म्हणते, ‘थांबा. हा माणूस असं बोलणार नाही.’ म्हातारा निमूटपणे ओळ खोडतो. मुलीला पांघरुणात हसू येतं, आणि खूप दिवसांनी झोप लागते. एवढाच सीन.

“अगंबाई, ही तर मी!” बायकोची सुई थांबली. “पोरगी मोजेसुद्धा विसरली नाही. कधी आहे हो शूटिंग? मी येणार बघायला.”

पट्टी माझ्या खिशात होती. मी तिथूनच दिग्दर्शिकेला फोन लावला.

“मी वाचलं नव्हतं गं,” मी म्हणालो. “एकदाही नाही. एआयनं सांगितलं ते उतरवलं. ‘वगळावा’ हेही त्याचंच. काकूला तर वाचून दाखवलंच नव्हतं.”

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“एकेचाळीस राहील,” ती म्हणाली. “पट्टी उद्या कुणाच्या तरी हाती पाठवून द्या. तुम्ही नका येऊ.” मग आवाज खाली आला. “आणि काका, काकूंना यातलं काही सांगू नका.”

“नाही सांगत.”

बायको माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि दुसरा मोजा हातात घेतला.

“पहिल्यापासून वाचा,” ती म्हणाली.

मी भिंग पुसलं आणि पहिलं पान उघडलं. अक्षरं पोहत होती, मी जागोजागी अडखळत होतो, एक ओळ तर दोनदा वाचली. ती एकदाही ‘थांबा’ म्हणाली नाही.