एलादियोचं घोरणं

“ती पिशवी इकडे दे गं, मी आत सरकवतो,” माझा नवरा विदाल धक्क्यावरून हात पुढे करत म्हणाला.

“असू दे. माझ्याच हातात बरी आहे ती,” नेरेइदा म्हणाली आणि तिने पिशवी पोटाशी घट्ट धरली.

“एवढं आहे काय त्यात? सोनं?”

उत्तर तिच्या नवऱ्याने, एलादियोने दिलं. तेही बोटीच्या इंजिनात डोकं खुपसून. “ड्रायर आहे तिचा. केस वाळवायचा.”

फाहार्दो या आमच्या बंदराच्या गावात माझं पार्लर आहे आणि नेरेइदाचे केस कित्येक वर्षं माझ्याच कात्रीखाली आहेत. तिच्या घरी ड्रायर नाही. असता तरी एका रात्रीसाठी तो समुद्रावर नेणाऱ्यांतली ती नव्हे. पण कोणी खोटं बोललं की मी लगेच हिशेब मागत नाही. जमेला धरून ठेवते. पुढे कधीतरी ते खर्ची पडतंच.

सान हुआनच्या सणाच्या आदल्या दिवसाची दुपार होती. दरवर्षी या दिवशी आमच्या पाच बोटी फाहार्दोहून कुलेब्रा बेटाकडे निघतात. तिथल्या खाडीत कडेला कड लावून एकमेकींना बांधायच्या, खायचं, डॉमिनो खेळायचा, मध्यरात्री समुद्राकडे पाठ करून पाण्यात पडायचं म्हणजे वर्षाची पीडा धुऊन जाते, बोटीवरच झोपायचं आणि सकाळी परतायचं. नेरेइदा यात कधीच नसायची. ती तुरीच्या दाण्यांचा भात पातेलंभर शिजवून एलादियोबरोबर पाठवायची आणि स्वतः घरी राहायची. त्याच्या बोटीच्या दोन्ही कुशींवर तिचंच नाव लाल अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि आत तिला पाय पसरायला जागा नव्हती.

एलादियो पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीमागे बसतो. तिथे त्याला कोणी ‘कसा आहेस’ म्हणून विचारत नाही. जो येतो तो बिल नाचवतच येतो. नळाला पाणी नाही, नळाला गढूळ पाणी आहे, शेजाऱ्याच्या नळाला जास्त पाणी आहे, सगळ्याला जबाबदार एलादियो. तो “बघतो” म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. असा माणूस शनिवारी त्या सुरीसारख्या अरुंद, जुन्या शर्यतीच्या बोटीवर उभा राहिला की त्याची मानसुद्धा बोटभर लांब व्हायची. अजून वेग हवा म्हणून त्याने बोटीतून एकेक वस्तू काढून टाकली होती. आधी संडास, मग शेगडी, मग जाड गाद्या, शेवटी दुसरी बॅटरी. “आता दातही काढून घरी ठेव,” विदाल म्हणायचा, “तेवढंच वजन कमी.” पण खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. त्यांतून सकाळी आमची रांग बाहेर काढायची ती एलादियोनेच, आणि मोकळ्या समुद्रात पोचल्यावर सगळ्यांना मागे टाकायचं तेही त्यानेच. यावर वाद नव्हता.

पिशवीतली गोष्ट नेरेइदाने नंतर मला पार्लरच्या खुर्चीत बसून सांगितली. ती आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणी चाचपडत बसायला नको. झोपेत एलादियोचा श्वास थांबतो. थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो, रात्रभर असंच. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं. नाकातोंडावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून हवा. नेरेइदाची अट अशी, की यंत्राशिवाय एक रात्र काढायची नाही, बोटीवरही नाही. फसवलंस तर बोट विकायची. आणि तो फसवत नाही ना हे बघायला ती स्वतः आली होती. एलादियोचीही एक अट होती. कुणाला कळता कामा नये. विदालला तर मुळीच नाही.

खाडीत पोचल्यावर बोटी बांधून झाल्या. आमची बोट एलादियोच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. नेरेइदा बोटीच्या नाकातल्या झोपायच्या जागेत रांगत शिरली आणि तशीच उलटी रांगत बाहेर आली.

“ही खोली आहे?” ती म्हणाली. “हा तर बूट आहे.”

“दोन बूट,” एलादियो म्हणाला. “एक तुझा, एक माझा. पाय टोकाकडे करायचे.”

“आणि उठून बसायचं झालं तर?”

“बसायचं नाही. छत लागतं.”

“आणि रात्री जायचं झालं तर?”

एलादियोने समुद्राकडे बघितलं. मग बादलीकडे बघितलं. नेरेइदाने माझ्याकडे बघितलं.

“आमच्या बोटीवर ये,” मी म्हटलं. “माझ्या नवऱ्याला वेगाचं वेड नाही, म्हणून आमच्याकडे दार असलेला संडास आहे.”

संध्याकाळी भात झाला, भाजलेलं डुकराचं मांस झालं, आणि आमच्या बोटीवर डॉमिनोचा डाव पडला. आमच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता एलादियो आहे, म्हणून विदाल त्याला ‘कोंपाद्रे’ म्हणतो, आणि त्या नात्याच्या बळावर वाटेल ते बोलतो.

“कोंपाद्रे, आज बायको बरोबर आहे. रात्री इंजिन बंद ठेव हं.”

“तू खेळ,” एलादियो म्हणाला.

“नेरेइदा, तुला माहीत नाही, गेल्या वर्षी याचं घोरणं ऐकून त्या खडकावरचे पेलिकन उडाले ते अजून परत आले नाहीत.”

“मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल?” नेरेइदा म्हणाली. सगळे हसले.

“आणि मध्येच बंद पडतं बघ ते! एकदम गुप्प. मग आम्ही पैज लावतो, परत सुरू होणार की नाही. एक बिअर.”

नेरेइदाच्या हातातली सोंगटी हातातच राहिली. “आणि जिंकतं कोण?” तिने विचारलं.

“सुरू होणार म्हणणारा. म्हणजे मी. दरवर्षी मीच.”

“बरं आहे,” ती म्हणाली आणि सोंगटी लावली. चुकीच्या जागी लावली. एलादियोने ती उचलून तिला परत दिली.

मध्यरात्री आम्ही सगळे पाठमोरे पाण्यात पडलो, ओरडलो, खारं पाणी नाकात गेलं. नेरेइदाने एलादियोचा हात धरून उडी घेतली आणि वर आल्यावरही बराच वेळ सोडला नाही. मग ज्याने त्याने अंग पुसलं आणि आपापल्या बोटीवर आडवं झालं.

वारा पडला होता. अशा रात्री बोटीच्या पोटात भट्टी होते म्हणून मी आणि विदाल बाहेरच्या गाद्यांवर पडलो. पाणी बोटींच्या बुडाला चापट्या मारत होतं. विदाल या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

“मिग्दा, तो घोरत का नाही?”

“बायको शेजारी आहे. लाजला असेल.”

“घोरणं लाजतं होय?”

“झोप आता.”

“झोपच येत नाही. इतकी वर्षं त्या आवाजावर झोपतोय मी.” तो उठून बसला. “बघून येऊ का? बरा असेल ना?”

“नवरा-बायकोच्या बुटात डोकावायला जाणारेस?”

तो कुरकुरत आडवा झाला. मला मात्र पलीकडच्या बोटीच्या छतातल्या उघड्या झरोक्यातून बारीक घूंऽऽ असं काहीतरी ऐकू येत होतं. ते कशाचं हे मला तेव्हा कळलं नाही. मग कधीतरी ते थांबलं. आणि थोड्या वेळाने सुरू झालं एलादियोचं घोरणं, ओळखीचं, करवतीसारखं.

“हां, आला,” विदाल पुटपुटला आणि मुलासारखा झोपून गेला.

मी जागी राहिले. घोरणं चढत गेलं आणि एकदम तुटलं. गुप्प. एरवी मी मनात हसले असते. पण त्या संध्याकाळी नेरेइदाच्या हातात अडकलेली सोंगटी मी पाहिली होती. मी वाट बघत राहिले. पाण्याची एक चापट, दुसरी, आणखी कितीतरी. मी उठून बसले. तोंडातून हाक निघणार, तेवढ्यात बुडता माणूस वर काढल्यावर घेतो तसा श्वास त्याने ओढला.

लगेच नेरेइदाचा दबका आवाज आला. “तू बंद केलंस.”

“इतका वेळ चाललं ना. पुरे झालं.”

“का बंद केलंस?”

“एकच बॅटरी आहे, नेरे. ती उतरली तर सकाळी इंजिन फिरणार नाही. सगळे बघत असतील.”

“आणि सकाळी तूच उठला नाहीस तर? तेव्हाही सगळे बघतील.”

“उठतोच की रोज.”

“विदालकडे दोन बॅटऱ्या आहेत. त्याच्याकडून एक वायर घ्यायची होतीस.”

“त्याला सांगू? त्यापेक्षा पोहत घरी जाईन.”

“लाव तोंडावर.”

“नेरे, ऐक तरी...”

“लाव. नाहीतर सकाळी इथेच बोट विकते. विदाललाच विकते.”

मग पुन्हा ते बारीक घूंऽऽ. थोड्या वेळाने झरोक्यातून नेरेइदाचं डोकं वर आलं. केस घामाने चिकटलेले. मी बसलेली तिला दिसले.

“ऐकलंस?” ती कुजबुजली.

“ऐकलं.”

“बटणावर हात ठेवून बसलेय. मला झोप लागली की परत बंद करेल. चोर आहे.”

“बसता येतं आत?”

“नाही. मान वाकडी करून.”

“मी येऊ का? आळीपाळीने बसू.”

“बुटात तिसरा पाय कुठे घालणार?” ती म्हणाली आणि डोकं आत घेतलं. पहाटेपर्यंत मला अधूनमधून डुलकी लागली. झरोक्यात तिचं डोकं मात्र दर वेळी दिसलं. कधी हवेसाठी वर आलेलं, कधी कडेला टेकलेलं, डोळे उघडे.

सकाळी कॉफीच्या आधीच मी विदालला रात्री ऐकलेलं सांगितलं. त्याने एकही विनोद केला नाही. हे मला नवीन होतं.

ऊन वर आलं, दोर सुटायला लागले. एलादियोने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. पाचही बोटींवर ते ऐकू गेलं. त्याची मान पुन्हा खिडकीमागची झाली. विदालने आपल्या बोटीतून वायरी काढल्या, कठडा ओलांडून पलीकडे गेला, चिमटे जोडले आणि म्हणाला, “फिरव.”

एलादियो फिरवेना. तो विदालच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. “बोल की.”

“काय बोलू?”

“बोट म्हातारी झाली म्हण. ढकलू का म्हण. काहीतरी म्हण.”

“फिरव रे, कोंपाद्रे. ऊन चढतंय.”

बाकीच्या बोटींवर सगळ्यांना आपापल्या दोरांत अचानक फार रस वाटायला लागला होता. एलादियोने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. त्याला कळायचं ते कळलं. तो खाली वाकला, नाकातल्या जागेत शिरला आणि ते यंत्र, नळी, मुखवटा, सगळं बाहेर आणून इंजिनाच्या झाकणावर भर उन्हात ठेवलं.

“ड्रायर नाही हा,” तो म्हणाला. “रात्री तोंडाला लावतो मी. झोपेत श्वास थांबतो माझा.”

“म्हणजे ते मध्येच बंद पडायचं...” विदाल म्हणाला.

“तेच ते.”

विदाल वायरीचा चिमटा सदऱ्याला पुसू लागला. चिमटा स्वच्छच होता. “त्या सगळ्या बिअर मी प्यायलो,” तो शेवटी म्हणाला.

“मग? जिंकलास ना?”

हसावं की नाही कोणाला कळेना. आधी हसली ती नेरेइदा, खोकल्यासारखी, एकदाच. मग एलादियोने चावी फिरवली आणि इंजिन गरजलं. त्या आवाजातच तो ओरडून म्हणाला, “तुझ्या गॅरेजात एक जादा बॅटरी पडलीय ना? ती दे मला. बसवून घेतो.”

या माणसाने आमच्याकडे कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

“जड असते का ती?” नेरेइदाने विचारलं.

“चांगलीच जड.”

“मग बोट हळू होणार?”

“थोडी होणार.”

तिने नळीची गुंडाळी करून पिशवीत ठेवली, मुखवटा खाऊसारखा रुमालात बांधला. “बरं,” म्हणाली. बोट विकण्याचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही, पुढेही नाही.

खडकांमधून रांग त्यानेच बाहेर काढली. मोकळ्या पाण्यात आल्यावर नेहमीसारखी त्याची बोट उसळली, मागे पांढरा पट्टा ताणला गेला, आणि आम्ही त्याची पाठ बघायची तयारी केली. पण थोड्याच वेळात पट्टा आखूड झाला आणि बोटीचं नाक खाली बसलं.

“गेलं वाटतं इंजिन,” विदाल म्हणाला आणि त्याने आमची बोट जवळ नेली.

इंजिन चालू होतं. नेरेइदा शेजारच्या खुर्चीत झोपली होती, तोंड उघडं, डोकं एलादियोच्या बरगडीला टेकलेलं. तो एका हाताने तिची मान सावरत होता आणि दुसऱ्या हाताने चाक धरून होता. असल्या बोटीला हळू चालवणं म्हणजे शिक्षा असते. वेगात ती सरळ जाते, हळू झाली की नाक डावीकडे नेते, उजवीकडे नेते, आणि सारखं चाक फिरवत राहावं लागतं. आम्हाला बघून त्याने मानेनेच खुणावलं. पुढे व्हा.

आम्ही पुढे झालो. मागच्या तीन बोटीही त्याच्या दोन बाजूंनी, लाट उठू नये म्हणून लांबून वळसा घेत, पुढे गेल्या.

फाहार्दोत बोट बांधली, गोड्या पाण्याने धुतली, डबे धक्क्यावर उतरवले, बाकीचे घरीही गेले. विदाल जाईना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बंदराच्या तोंडातून एलादियोची बोट आली, नेरेइदा अजून तशीच झोपलेली. शेवटच्या टप्प्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि ती आपल्याच ओढीने सरकत राहिली. आवाज म्हणून नव्हता. विदाल धक्क्याच्या कडेला पोटावर आडवा झाला, दोन्ही हात खाली लांब केले आणि बोटीचं नाक फळ्यांना लागायच्या आत तळव्यांवर झेललं.