जानव्याला बांधलेली किल्ली

अमरावतीचे हरिहरपंत वकील निराश्रितांसाठी फार झिजले होते, असं ते स्वतःच सांगत. कापसाच्या जिनात राबणाऱ्या बिनघरच्या माणसांसाठी आठ खोल्यांची चाळ बांधायला त्यांच्या मंडळानं चाळीस सभा घेतल्या. सभेतला चिवडा पंतांच्या अंगी लागला. चाळ उभी राहिली आणि चातुर्मास लागला. वास्तुशांती नाही म्हणून उद्घाटन नाही, उद्घाटन नाही म्हणून बिऱ्हाडं नाहीत. तोवर समारंभाच्या खुर्च्या खोल्यांत रचून पंतांनी कुलपं घातली आणि किल्ल्यांचा जुडगा जानव्याला बांधला. निराश्रित पावसात अन् खुर्च्या छपराखाली, यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी ते चाळीच्या पडवीत उद्घाटनाच्या भाषणाची तालीम करत होते. चौदा पानं झाली होती. तेवढ्यात मैनाबाई धावत आली. याच चाळीच्या विटा तिनं डोक्यावरून वाहिल्या होत्या.

"वकीलसाहेब, माह्या शालूले कळा येऊन राह्यल्या! झोपडीत गुडघाभर पानी हाय. पोरीले खोली उघडून द्या."

"अहो, वास्तुशांती व्हायची आहे. उद्घाटनाला कलेक्टरसाहेब दिवाळीनंतर येतील, मग..."

"मंग लेकराले सांगू काय, साहेब येतपर्यंत आतच बस म्हनून?"

तीस वर्षं उलटतपासण्या घेणाऱ्या पंतांनी भाषणाची पानं खिशात कोंबून वर पाहिलं. पडवीच्या टोकाला पोर भिंत धरून कण्हत होती. ते पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली. ते घाईघाईनं गाठ सोडू लागले, पण ओल्या जानव्याची गाठ सुटेना. शेवटी जानवं गळ्यात तसंच ठेवून ते कुलपापुढं कमरेत वाकले. 'दीनांपुढे नम्र' असं ते मंडळाच्या अहवालात दरसाल लिहीत. नम्र व्हायची वेळ आज आली होती.

दार उघडलं. पंतांनी स्वतः खुर्च्या पावसात काढल्या, अध्यक्षांची गादीची खुर्ची सगळ्यात आधी. शालू आत निजली. मैनाबाईनं पडवीच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, पण लाकडं दमट. पाणी तापेना.

"कागद हाय का जी कोरडा?"

पंतांनी भाषण काढलं. एकेक पान चुलीत गेलं, पाणी कोमट झालं. शेवटचं आभाराचं पान मात्र त्यांनी खिशात सरकवलं. त्यात त्यांचं नाव होतं.

आतून शालू किंचाळली. मैनाबाईनं हात पुढे केला.

"थे बी द्या."

पंतांनी दिलं.